जुन्या हार्लेची सीट डुलतेय? आधी बुश बघा

1912 पासून हार्ले-डेव्हिडसनने सीटची स्प्रिंग फ्रेमच्या नळीतच घातली. सीटचा दांडा, म्हणजे पोस्ट, या नळीत वर-खाली सरकतो. नळीच्या तोंडाशी त्याला धरणारा बुश (धातूची बाही) धूळ आणि सुकलेल्या ग्रीसने झिजतो, मग सीट डावी-उजवीकडे डुलते. पत्रा गुंडाळून हा ढिलेपणा काढू नका. तो सरकतो आणि पोस्टवर चरे पाडतो. पोस्ट बाहेर काढा, मायक्रोमीटरने वर, मध्ये, खाली मापा, प्रत्येक जागी दोन दिशांनी. वरचा भाग अंडाकार झाला असेल तर नवा बुशही वाया जाणार. गनमेटलच्या (एक प्रकारचं कांसं) बुशचा बाहेरचा व्यास नळीच्या आतल्या व्यासापेक्षा 0.03 ते 0.05 मिमी जास्त ठेवा. दाबून बसवल्यावर भोक आवळतं, म्हणून रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) शेवटी, फ्रेममध्येच फिरवायचा. पोस्टभोवती साधारण 0.1 मिमी मोकळीक. ग्रीस लावलेला पोस्ट स्वतःच्या वजनाने सावकाश उतरला पाहिजे. अडकला, तर स्प्रिंग दबणारच नाही.