बोंडूच्या रसाला नुसता फ्रीज पुरत नाही

"बोंडूचा रस आंबट आहे, वर फ्रीजमध्ये ठेवलाय, त्याला काय होणार?" बोंडू म्हणजे काजूच्या बीला लागून असलेलं रसाळ फळ, आणि त्याच्या रसाबद्दलचा हा भरवसा धोक्याचा आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत पाश्चराइझ न केलेल्या, म्हणजे तापवून जंतू न मारलेल्या, सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जंतू पसरला. तो रसही आंबट आणि थंडच होता. थंडीत आम्लाचा मारा मंदावतो, त्यामुळे हा जंतू आंबट रसात बाहेरपेक्षा फ्रीजमध्येच जास्त दिवस तगतो. म्हणून आधी मारायचं, मग थंड करायचं.

सुरुवात झाडाखालीच होते. बीसाठी गळून पडलेले बोंडू वेचतो, पण त्यांना माती आणि शेण लागलेलं असतं. रसासाठी झाडावरचेच काढा, फुटके टाकून द्या. पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट लिटरभर पाण्यात २ मिली घातलं की १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग) क्लोरीन मिळतं. त्यात पाच मिनिटं बुडवून स्वच्छ पाण्याने धुवा. चिकट झालेल्या सालीवर क्लोरीन फारसं चालत नाही, म्हणून माती आधीच धुऊन काढायची.

घशाला लागणारा तुरटपणा साबुदाण्याच्या पेजेने जातो. लिटरला ५ ग्रॅम साबुदाणा शिजवून, गार करून रसात ढवळा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि वरचा नितळ रस काढून घ्या.

आता आम्ल. सायट्रिक आम्ल लिटरला २ ग्रॅमपासून सुरू करून पीएच ३.५ पर्यंत आणा (पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका रस आंबट), मोजायला मीटर वापरा. आम्ल घातल्यावर रस तासन्‌तास ठेवू नका. आम्लाला सरावलेले जंतू पुढे उष्णतेलाही जास्त दाद देत नाहीत.

परिरक्षक म्हणून बोंडूला केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. बोंडूत क जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि सोडियम बेंझोएट या दुसऱ्या परिरक्षकाबरोबर त्यातून बेंझीन हा विषारी पदार्थ तयार होऊ शकतो. कोकम सरबताचं उलट आहे. केएमएसने त्याचा लाल रंग उडतो, तिथे बेंझोएट बरं. केएमएसच्या वजनाच्या साधारण निम्मा सल्फर डायऑक्साइड, म्हणजे जंतू रोखणारा वायू, मिळतो, म्हणजे लिटरला ०.१४ ग्रॅमने सुमारे ७० पीपीएम. विकायचं असेल तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची चालू मर्यादा बघा आणि लेबलवर सल्फाइट लिहा, दम्याच्या काही माणसांना त्याचा त्रास होतो.

उघड्या पातेल्यात तापवलं तर केएमएसचा हा वायू उडून जातो. म्हणून केएमएस चमचाभर पाण्यात विरघळवून गार रसात घाला, काचेच्या बाटल्या वर दोन-तीन सेंटिमीटर रिकाम्या ठेवून भरा, बूच लावा आणि बाटल्या पाण्यात तापवा. बाटल्यांखाली फडकं हवं. एका जादा बाटलीत थर्मामीटर घालून मध्यभागी ८५ अंश आले की पुढे १५ मिनिटं. थोडी शिजल्यासारखी चव येते, ती सोसावी. बाटल्या हळूहळू गार करा, गरम काचेवर थंड पाणी ओतलं की ती तडकते.

एवढे उपाय एकत्र का? ८५ अंशांना ई. कोलाय मरतो, पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या घातक विष बनवणाऱ्या जंतूचे बीजाणू मरत नाहीत. पीएच ४.६ च्या खाली ते वाढत नाहीत, तिथे आम्ल कामी येतं. काही बुरशींचे बीजाणूही ही उष्णता झेलतात, त्यांना केएमएस आणि फ्रीज रोखून धरतात. शहाळ्याचं पाणी आणि उसाचा रस मुळातच कमी आंबट असतात, त्यांच्यासाठी ही रीत वापरू नका. आणि फुगलेल्या बुचाची बाटली चाखून न बघता फेकून द्या.