खैऱ्याचं थळ

पुण्याजवळच्या मोसे खोऱ्यात आमचं सव्वा एकराचं भातखाचर आहे. घरात त्याला 'खैऱ्याचं थळ' म्हणतात. गावात खैरे आडनावाचं एकही घर नाही; आजोबांच्या आठवणीतही नव्हतं. वारसगाव धरणाचं पाणी चढलं तेव्हा गावठाण बुडालं, डोंगराच्या बाजूचं हे खाचर तेवढं वाचलं. त्या पाण्याला आता वीर बाजी पासलकर जलाशय म्हणतात. पासलकर म्हणजे शिवकाळातले या खोऱ्याचे देशमुख. 'पासलकरांच्या वेळेपासून आपण इथलेच' असं आमच्याकडे छातीठोक सांगतात. त्याला कागद मिळावा म्हणून मी शोध सुरू केला.

सातबारा आणि जुने फेरफार काढून झाले, तरी आजोबांच्या वडिलांच्या पलीकडे जाता येईना. मग तालुक्याला रेकॉर्ड रूम. पहिल्या दोन खेपा माझ्याच चुकीनं फुकट गेल्या. मी गट नंबर घेऊन गेलो होतो, आणि जुनी दप्तरं चालतात सर्व्हे नंबरावर. गटवारीच्या आधीचा नंबर शोधून आणला तेव्हा कुठे कडईपत्रकाचा, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीच्या पानाचा, अर्ज नीट भरता आला. २०२३ नंतर तिथे कुणबी नोंदी शोधणाऱ्यांची रीघ लागलेली. बाबूंनी मान वर न करता विचारलं, "कुणबीच ना?" म्हटलं, "नाही, खैरे." तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

पान मिळालं, पण मोडीत. तीन महिने शनिवार-रविवार वर्गाला गेलो. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची. शब्द तोडायचा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. लिहिणाऱ्याची सोय, वाचणाऱ्याचे हाल! कालगणना आणखी निराळी: 'खमस अशरीन मया व अलफ' म्हणजे पाच, वीस, शंभर, हजार. सुहूर सन ११२५. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण वर्ष मृगाला बदलतं. इसवी सन १७२४-२५. हा हिशेब बोटांवर जमला त्या दिवशी मी उगाच सगळ्यांना त्यांच्या जन्माचं सुहूर साल सांगत सुटलो.

मग पुणे पुराभिलेखागार. पेशवे दप्तर इथेच आहे. ओळखपत्र आणि कशासाठी पाहायचंय त्याचा अर्ज दिला, की रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, समोर येतो. पहिले चार रुमाल दुसऱ्याच गावांचे निघाले. पाचव्यात आमच्या गावाचा थळझाडा होता. मोडीच्या सरांना शेजारी बसवून वाचला.

थळझाडा म्हणजे गावच्या जमिनीची थळवार मांडणी. ज्या घराण्यानं पहिल्यांदा जमीन काढली, त्याचं नाव थळाला पडायचं, आणि घराणं बुडालं तरी थळाचं नाव बदलायचं नाही. वारस न उरलेलं ते 'गतकूळ'. आमच्या खाचरापुढे लिहिलं होतं: खैरे, गतकूळ. कसणारा म्हणून त्याखाली आमचं आडनाव, आणि पुढे एक शब्द: उपरी.

उपरी म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणारा. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा. उपऱ्याला तसा हक्क नाही, गावच्या मानपानातही तो मागे. सर म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, मावळ कितीदा ओस पडून पुन्हा वसलाय. १६३०-३२ चा दुष्काळ, त्याच सुमारास आदिलशाही फौजेनं पुणं जाळलेलं. पुढे दादोजी कोंडदेवांच्या अमदानीत कौल, म्हणजे सवलतीचा लेखी शब्द, देऊन माणसं परत आणली. पडीक जमिनीला इस्ताव्याचा कौल मिळायचा: पहिल्या वर्षी सारा नावापुरता, मग दरसाल चढता, काही वर्षांनी पुरता. अशा एखाद्या कौलावर आमचा कुणीतरी घाट उतरून आला असेल. कुठून, ते त्या पानात नाही.

खैऱ्यांचं काय झालं, तेही नाही. लढाईत गेले, पटकीत गेले, की नुसतेच उठून दुसऱ्या खोऱ्यात गेले. 'गतकूळ' या एका शब्दात सगळं आलं.

गावी जाऊन चुलतीला सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. ती तांदूळ निवडत होती. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तरीच रं. भात झोडायच्या आधी त्या वरच्या बांधावरच्या दगडाला नारळ देतो न्हाई का आपण? सासूबाई म्हणायच्या, जुन्या धन्याचा हाय. मी इचारलं नव्हतं, कंचा धनी."