पाट्याला टाकी

जेवून जरा आडवी झाले होते, तेवढ्यात खालून आवाज आला. "टाकीऽऽ, पाट्याला टाकीऽऽ!" आमच्या सोसायटीत घरटी एक मिक्सर आहे. पाटे फार तर दोन असतील. त्यातला एक माझा, आणि त्यावर गेली चार वर्षं कोरफडीची कुंडी बसलेली. पण ती हाक ऐकून राहवेना. कुंडी उतरवली, पाटा कमरेवर घेतला आणि लिफ्टने खाली गेले. लिफ्टमधल्या तरुणाने एका कानातलं बोंडूक काढून बघितलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

पाटा खरखरीत करून देणाऱ्या टाकीवाल्या बाईंनी तो पुढ्यात आडवा घातला आणि टाकीच्या, म्हणजे छिन्नीच्या, बुडाने दोनदा वाजवला. खण्, खण्.

"बोलतोय चांगला. चीर न्हाई, भोकं न्हाईत."

"दगड कुठला असेल हो, मावशी?"

"खाणीतला, ताई. अजून कुठला असतोय?"

पाटा माझ्या वडिलांच्या आईचा. आमचं गाव वडूजच्या बाजूला. तिथे घर काळ्या दगडाचं, बांध काळ्या दगडाचा, मारुती शेंदराखाली काळाच. आईचं माहेर चिपळूणच्या पुढे, गुहागरच्या वाटेवर. तिथे घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, गडगा जांभ्याचा, आणि विहीरही जांभ्यातच खणलेली. लहानपणी मला वाटायचं, जगात दगडाचे प्रकार दोनच: बाबांकडचा आणि आईकडचा. ही खोड अजून गेलेली नाही. नवीन माणूस भेटलं की मी मनातल्या मनात ठरवते, हा काळा की जांभा. कसं ठरवते ते विचारू नका.

मे महिन्यात कराडला गाडी बदलून आम्ही कुंभार्ली घाट उतरायचो. लाल डबा, आवळासुपारी, मांडीवर रिकामी पिशवी (कशासाठी ते घाटात गाडी लागणाऱ्यांना कळेल). खिडकीतून डोंगर दिसायचे ते पायऱ्या-पायऱ्यांचे, वरून सपाट, जणू कुणी करवतीने कापलेत. "कुणी केल्या ह्या पायऱ्या?" तर बाबा म्हणायचे, पांडवांनी. आपल्याकडे जे कुणी केलं ते माहीत नसतं, ते पांडवांच्या नावावर जातं. पुढे कॉलेजात कळलं, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला, पसरला, निवला, मग त्यावर पुन्हा आला, असे थरांवर थर. त्या दगडाला ट्रॅप म्हणतात, तोही पायरीच्या स्वीडिश शब्दावरून. प्रत्येक थराच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकून दगड भोकाभोकांचा होतो आणि पोटातला घट्ट राहतो. मावशींनी वाजवून ओळखला तो हा, पोटातला.

घाट संपून पोफळी आलं की हवा अंगाला चिकटायला लागायची आणि आईचं बोलणं बदलायचं. "चाललंय" म्हणणारी आई "चाललाय" म्हणायला लागायची. बाबा गप्प.

आईच्या आईला देशावरच्या दुष्काळाचं फार नवल. "तुमच्याकडे पाऊस नाही, नि आमच्याकडे चार महिने वाळत घातलेला लुगडा वाळत नाही. मेल्यानं वाटून पडायला काय होतंय?" दोन्ही गावांत सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. इकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर, तिकडे पाचशेच्या आसपास, कारण ढग घाटाला अडतात आणि तिथेच रिकामे होतात. पण गंमत अशी, की मे महिन्यात दोन्ही आज्या विहिरीवर सारख्याच वाकून बघायच्या. एकीकडे पडलेलाच नसायचा, दुसरीकडे थांबलेला नसायचा. जांभा म्हणजे चाळण. वडूजच्या आजीची काळी जमीन मात्र थोडकं पाणीही पोटात धरून ठेवायची, त्या ओलीवर थंडीत शाळू उभा राहायचा. म्हणून तिच्या ताटात भाकरी, हिच्या ताटात भात. भाकरीवाली म्हणायची, भाताने पोट भरतं का? भातवाली म्हणायची, भाकरी घशाखाली उतरते तरी कशी? दोघी एकमेकींना आयुष्यात तीनदा भेटल्या. तिन्ही वेळा विषय हाच.

त्याच कॉलेजात आणखी एक कळलं आणि मला फसवल्यासारखंच झालं. जांभा म्हणे मुळात काळाच दगड. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातली सिलिका, म्हणजे वाळूत असते ती, धुऊन नेली, मागे राहिलं लोखंड आणि ॲल्युमिनियम, म्हणून तो लाल. घरी येऊन मी मोठ्या तोऱ्यात हे सांगितलं. बाबा खूश झाले, "म्हणजे मूळ आमचंच." आई पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "मूळ तुमचं, पण न्हाऊन-माखून निघालेलं."

तरी पाटा जांभ्याचा होत नाही. चटणीपेक्षा दगडच जास्त वाटला जाईल. गुहागरच्या आजीचाही पाटा काळवत्री दगडाचाच होता, हे मी आईला कधी बोलून दाखवलं नाही.

मावशींचं काम अर्ध्या तासात झालं. काळ्यावर पांढरे टिंब, ओळीने. पाटा धुतला, जाडं मीठ वाटून टाकलं, तांदूळ वाटून टाकले, पुन्हा धुतला. मग सुकं खोबरं, लसूण, तिखट. हात दुखेपर्यंत वाटलं. संध्याकाळी नवऱ्याने पहिलाच घास घेतला आणि थांबला.

"खडा लागला."

"साडेसहा कोटी वर्षांचा आहे."

तो उठून बेसिनकडे गेला. कोरफडीची कुंडी अजून लिफ्टसमोरच आहे, कुणीतरी तिला पाणी घातलेलं दिसतंय.