तुम्ही विचारलंत म्हणून: मंग दुखते कोनाले?

शाळेत संस्कृत शिकवलं म्हणून तेरवीला गीता वाचायचं काम आमच्या गावात माझ्याकडे आलं. गाव अमरावती जिल्ह्यातलं. दुसरा अध्याय संपला की पंगत बसायच्या आत कोणीतरी शेजारी येऊन टेकतंच. प्रश्न ठरलेला. "गुरुजी, आत्म्याले शस्त्र कापत नाही, आग जाळत नाही म्हनता. मंग दुखते कोनाले?" तिकडे वांग्या-आलूच्या भाजीचा वास सुटलेला असतो, म्हणून मी दोन वाक्यांत उरकतो. आज जरा नीट सांगतो.

हे पहिल्यांदा मला आईने विचारलं होतं. कापूस वेचताना वाळल्या बोंडाचं टोक नखात गेलं आणि नखुरडं झालं. बोट लाल, तुकतुकीत सुजलेलं. लिंबाला भोक पाडून ते टोपीसारखं बोटावर घालून ती रात्रभर भिंतीला टेकून बसली होती. मी सुट्टीत घरी आलेला एम.ए.चा विद्यार्थी, डोक्यात नुसतं सांख्य, म्हणजे आपल्या जुन्या दर्शनांपैकी एक.

सांख्य तसं थेट दुखण्यापासूनच सुरू होतं. ईश्वरकृष्णाच्या 'सांख्यकारिका' या ग्रंथाचा पहिला शब्दच 'दुःखत्रय', म्हणजे तीन तऱ्हेची दुःखं. अंगातलं-मनातलं एक, दुसऱ्या जीवापासून येणारं दुसरं, दैवी कोपाचं तिसरं. आमच्याकडच्या भाषेत नखुरडं, रानडुक्कर आणि गारपीट. या तिन्हींवर कायमचा इलाज काय, तर पुरुष (म्हणजे इथे आत्मा) वेगळा आणि प्रकृती (म्हणजे सगळं जड जग) वेगळी हे ओळखणं. एकूण २५ तत्त्वं, त्यांतली २४ प्रकृतीच्या बाजूची. लोक इथेच चकतात. त्यांना वाटतं देह जड, मन म्हणजे आत्मा. सांख्य मनाला, अहंकाराला आणि बुद्धीलासुद्धा जडात टाकतं. मातीपेक्षा बारीक, पण त्याच घरातलं. राहिलेला पुरुष फक्त पाहतो. करत काही नाही, त्याला होतही काही नाही. दुखणं उमटतं ते बुद्धीत. स्फटिकाजवळ जास्वंद ठेवली की स्फटिक लाल दिसतो, तसा पुरुष दुःखी वाटतो एवढंच. या ग्रंथातली बासष्टावी कारिका, म्हणजे श्लोक, तर म्हणते, कोणी बांधला जात नाही, कोणी सुटतही नाही. बांधली जाते आणि सुटते ती प्रकृतीच.

हे सगळं मी आईला मोठ्या उत्साहात सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तं मंग त्या बुद्धीलेच लिंबू घाल नं बाबू."

तेव्हा राग आला होता. आता वाटतं, तिने बरोबर जागी बोट ठेवलं. सुजलेलं का होईना.

चार्वाकाला, म्हणजे देहापलीकडे आत्मा न मानणाऱ्याला, हा प्रश्नच पडत नाही. त्याच्या मते देहच दुखतो आणि जाणीवही देहातूनच येते, जशी आंबवल्यावर नशा येते. मेळघाटातल्या माणसाला हे समजावावं लागणार नाही. मोहफूल नुसतं खाल्लं तर कोणी झिंगत नाही, सडवून गाळल्यावर झिंगतो. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण पुन्हा लिंबूच.

त्या रात्री पहिलं लिंबू सुकलं म्हणून मी दुसरं चिरायला घेतलं. सुरी टेकताच माझ्या तोंडाला पाणी सुटलं. तिकडे ठणका चालू असूनही आईने आवंढा गिळला. न्याय या दुसऱ्या दर्शनाचा मूळ ग्रंथ म्हणजे गौतमाची न्यायसूत्रं. त्यांच्या तिसऱ्या अध्यायात नेमकं हेच आहे, ते मी पुढे वाचलं. आंबट फळ दिसतं डोळ्याला आणि पाणी सुटतं जिभेला. डोळ्याला चव ठाऊक नाही, जिभेला दिसत नाही. म्हणजे पूर्वी पाहिलेलं आणि चाखलेलं दोन्ही आठवणारा कोणी एक हवा. गौतमाचा आत्मा तो हा. आणि इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख, ज्ञान या त्याच्याच खुणा आहेत. देह ही दुखण्याची जागा. दुखतं मात्र आत्म्याला, खरोखरच.

मग सांख्याइतकं देखणं नसलं, तरी मी नैयायिकांकडे, म्हणजे न्याय मानणाऱ्यांकडे, झुकलो. या मताची किंमत मोजावी लागते हेही सांगतो. दुःख आत्म्याचाच गुण, पण चिकटलेला नाही, देह-मनाच्या संयोगाने येणारा. म्हणून मोक्षात तो जातो, पण त्याच्याबरोबर सुख आणि ज्ञानही जातं. उरतं काय, दगड? बाराव्या शतकात श्रीहर्ष कवीने नैषधीयचरित या काव्यात चार्वाकाच्या तोंडून हेच टोचलंय. गौतमाच्या नावावरच कोटी: शहाण्यांना दगड करायचं शास्त्र सांगणारा तो 'गोतम', म्हणजे अव्वल बैल! काव्य आपल्याच विदर्भाच्या दमयंतीचं, त्यामुळे ही शिवी मला घरच्यासारखी वाटते. पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावताना दरवर्षी आठवते आणि हसू येतं.

पण तेरवीला विचारणारा बहुतेक वेळा मुलगाच असतो. महिना-दोन महिने त्याने बापाचं कण्हणं ऐकलेलं असतं. त्याला मी जास्वंद आणि स्फटिक सांगू? ते दुखणं तुझ्या बापाचं नव्हतंच म्हणू? जीभ रेटत नाही. "त्याईलेच दुखलं," मी म्हणतो. "दुसऱ्या कोनाले नाही." तो मान हलवतो, थोडा वेळ खाली बघतो, आणि मग पत्रावळ्या मांडायला उठतो.