हजेरीची वही आणि काकांचा बूट

आमच्या डायबेटिस मंडळाच्या वार्षिक मेळाव्याची हजेरीची वही पहिल्या वर्षापासून माझ्याकडे आहे, म्हणून आठवणी लिहायचं काम पण माझ्याकडेच आलं. लिहिते जमेल तसं. कुठल्या वर्षी काय घडलं याची सरमिसळ होईल कदाचित, पण माणसं मात्र एकेक लख्ख आठवतात. नावं कुणाचीच घालत नाहीये, कारण आमच्यातल्या काहींनी अजून ऑफिसात आणि काहींनी तर घरातही शुगरचं सांगितलेलं नाही.

मेळावा नेहमी १४ नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी. फ्रेडरिक बँटिंगचा तो जन्मदिवस, १८९१ सालचा, इन्सुलिन शोधणाऱ्यांतला तो एक, म्हणून त्या तारखेला जगभर मधुमेह दिन. स्वागत, प्रास्ताविक, जमाखर्च, निळ्या गोलाचा बॅनर, पाहुण्या डॉक्टरांचं भाषण, हे दरवर्षीचंच, त्यावर काय लिहायचं. मी वाट बघत असते ती त्याच्यानंतरच्या तासाची. ज्याला वाटेल त्यानं पुढे यायचं आणि आपल्या आजाराबद्दल चार-पाच मिनिटं बोलायचं, बस.

पहिल्या वर्षी आम्ही १७ जण होतो आणि कुणीच उठेना. माझं तसं कंट्रोलमध्ये आहे, असं जो तो शेजारच्याला सांगत होता. मग कडेला बसलेल्या एक मावशी उठल्या, माईक न घेताच म्हणाल्या, "मी रोज बाथरूमची कडी लावून इंजेक्शन घेते, सुई पावडरच्या डब्यात लपवते, सुनेला माहीत नाही," आणि तिथेच थांबल्या, पुढे त्यांना बोलवेना. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण त्यांच्यामागून सात जण उठले एकापाठोपाठ एक. एकानं सांगितलं की मशीनवर मोठा आकडा आला की तो डायरीत लिहीतच नाही, दुसरी म्हणाली डॉक्टरकडे जायच्या आधी चार दिवस पथ्य पाळते, आणि तरी तीन महिन्यांची शुगर सगळं सांगून टाकते. सांगणारच ना, रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळातली साखर त्यांना चिकटून राहते, चार दिवसांनी काय होतंय. हे सगळं मी पण केलेलं होतं, आणि त्या दिवसापर्यंत मला वाटायचं की जगात मी एकटीच करते.

मग आमचे बूटवाले काका. हे पोस्टातून रिटायर झालेले, बोलायला उठले की आधी खाली वाकून उजव्या पायातला बूट काढतात आणि हातात धरतात. गोष्ट दरवर्षी तीच. बुटात छोटा खडा गेला होता, दिवसभर त्यावरच चालले, काही कळलं नाही, संध्याकाळी काकूंनी मोज्यावरचं रक्त बघितलं. जखम भरेना, महिनाभर ड्रेसिंग, शेवटी करंगळी काढावी लागली. एवढं सांगून झालं की बूट उलटा करून तीनदा झटकतात, मग हात आत घालून पार पुढच्या टोकापर्यंत बोटं फिरवतात, शिवण चाचपतात, आतली गादी वर करून बघतात. "डोळ्यांनी बघू नका, हातानं बघा. पायाला कळत नाही, हाताला अजून कळतं." शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायापर्यंत जातात म्हणून बहुतेकांच्या बधिरपणाची सुरुवात तिथूनच होते, हे आम्हाला काकांनीच समजावलं, आणि ते सांगताना त्यांचा हात अजून बुटातच असतो. मला हे तोंडपाठ आहे. तरी दरवर्षी त्यांचा तो आत फिरणारा हात बघितला की माझा घसा दाटून येतो.

दुसरं म्हणजे लेनर्डची गोष्ट. टोरांटोतला लेनर्ड थॉम्पसन, १४ वर्षांचा, वजन जेमतेम २९-३० किलो उरलेलं, त्याला ११ जानेवारी १९२२ ला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं आणि ते नीट लागू पडलं नाही, उलट टोचलं तिथे गळू झालं. मग बँटिंगबरोबरच्या कॉलिप नावाच्या संशोधकानं औषध शुद्ध करायचा ध्यास घेतला आणि २३ जानेवारीला पुन्हा दिलं तेव्हा साखर उतरली. ही गोष्ट आमच्याकडे आधी सेक्रेटरी वाचायचे, छान वाचायचे, पण एका वर्षी एक मुलगी म्हणाली मी वाचते. टाइप वनवाली, आठव्या वर्षापासून इन्सुलिनवर. वाचता वाचता 'चौदा वर्षांचा' या शब्दाशी थांबली, कागदावरून वर बघितलं आणि म्हणाली, "मी पण चौदाच." हॉलमध्ये कुणी हललं नाही. नंतर तिची आई बोलली, शांत बाई, पण त्या दिवशी आवाज चढला होता, की लोक मला विचारतात लहानपणी फार गोड दिलंत का हो पोरीला. गोडाचा काय संबंध, टाइप वनमध्ये शरीराचीच संरक्षण यंत्रणा इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, त्यात आईनं काय करायचं होतं. त्या वर्षापासून लेनर्डची गोष्ट मुलंच वाचतात.

आता हजेरीबद्दल बोलते, मनात ठेवून उपयोग नाही. वहीत सह्या असतात साठ-पासष्ट, आणि सभासदांच्या बोलण्याला हॉलमध्ये उरतात पंचवीस-तीस. फुकट तपासणी करून घ्यायची, रिपोर्ट कधी मिळेल विचारायचं आणि मागच्या दारानं निघायचं. तपासणी हवी हे मान्य, पण जो माणूस वर्षभर धीर गोळा करून बोलायला उभा राहतो त्याला रिकाम्या खुर्च्या दिसतात, याचं मला फार वाईट वाटतं. आणि घरचे तर येतच नाहीत. एका वर्षी अहवाल वाचन चालू असताना मागच्या रांगेतले एक दादा उगाचच चिडायला लागले, मला काही होत नाहीये, हात लावू नका, असं, आणि ओठावर घामाचे थेंब. शेजारच्या ताईंनी वाद न घालता त्यांच्या बोटाला सुई लावली, शुगर ५४, म्हणजे फार उतरलेली. लगेच ग्लुकोज पाण्यातून दिलं, पंधरा ग्रॅम, पंधरा मिनिटं थांबून परत बघितलं तर ७६, मग खायला दिलं. पाच मिनिटांत रंग परत आला त्यांचा. मोबाईलवर बायकोला फोन लावला तर त्या म्हणाल्या, अहो ते तर नेहमीच असे चिडतात. म्हणजे कितीदा शुगर उतरली असेल आणि घरात नुसतं भांडण झालं असेल. म्हणून म्हणते घरच्यांनी या.

माझा सख्खा मोठा भाऊ. शुगर माझ्याही आधीपासून. दरवर्षी फोनवर 'यावर्षी नक्की' आणि दरवर्षी काहीतरी काम. मी रागावून तीन वर्षं विचारलंच नाही. मग एकदा न सांगता आला, वहीत सही केली, नऊ नंबरला, आणि म्हणाला बोल आता कुठे बसू. मी त्याला पाय तपासायच्या टेबलाकडे पाठवलं, माझी खुर्ची तिथून हाताच्या अंतरावर.

तिथे आमच्या नर्सताई डोळे मिटायला सांगतात आणि नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवतात, धागा वाकला की दहा ग्रॅमचा दाब पडतो, आणि लागलं की आपण 'हो' म्हणायचं. दादाच्या आधीच्या बाई हो, हो, हो म्हणत गेल्या. मग दादा बसला. डोळे मिटले. ताईंनी अंगठ्याला धागा टेकवला, वाकवला, उचलला. मग अंगठ्याच्या खाली, मग करंगळीखाली. दादा गप्प. मी पेन हातात धरून बघत होते. परत अंगठ्याला टेकवला, तर डोळे मिटूनच दादा म्हणाला, "सुरू करा की आता."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मला काही सुचेना. तेवढ्यात बूटवाले काका कुठून तरी आले, बहुतेक लांबून बघत असावेत, दादाच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, आणि काहीही समजावून न सांगता म्हणाले, "तुमचा बूट द्या बघू इकडे." आणि दादाचा हात धरून त्या बुटात घातला. अर्धा तास बसले होते दोघं. त्या दिवशी काकांचं भाषण झालंच नाही, आणि मला ते अजिबात चुकल्यासारखं वाटलं नाही. दादा आता रोज रात्री पाय बघतो, तळव्याखाली आरसा धरून, नाहीतर वहिनी बघते. वहिनी पण येते आता मेळाव्याला.

मदतीला असणाऱ्यांचं लिहिलं नाही तर मला झोप लागणार नाही. हॉलची किल्ली आणणारे आणि शेवटी परत नेणारे आमचे खजिनदार. नर्सताई, आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या दोन शिकाऊ मुली. औषधाच्या दुकानातला दादा, जो लांबून येणाऱ्यांचं इन्सुलिन ठेवायला थंड पेटी आणतो आणि बर्फाच्या पिशवीभोवती आठवणीनं टॉवेल गुंडाळतो, कारण इन्सुलिन एकदा गोठलं की वाया गेलं, न उघडलेलं तर दोन ते आठ डिग्रीतच राहायला हवं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात गोळा करून नीट विल्हेवाटीला नेणारे मामा, हे काम दुसरं कुणी मागून घेत नाही. प्रत्येक रांगेत ग्लुकोजची वाटी ठेवणारी ताई. आदल्या संध्याकाळी सगळ्यांना फोन करणारे आजोबा, त्यांची स्वतःची नजर डायबेटिसमुळे अधू झालीय, नंबर नात लावून देते, तर नातीचे पण आभार. माईकवाला मुलगा. खुर्च्या लावणारे चौघे. पोस्टर रंगवणारी मुलं, त्यातली दोन टाइप वनवाली. आणि त्या पहिल्या वर्षीच्या मावशी, ज्या आता सुनेलाच बरोबर घेऊन येतात आणि दोघी मिळून नव्या लोकांना सुई कशी धरायची ते शिकवतात, दर वेळी जागा बदलून टोचायची नाहीतर गाठ होते, हे आधी सांगतात.

कुणी राहिलं असेल तर मला फोन करा, रागावू नका, मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते. हे लिहिताना वही काढली तर दिसलं की दादाच्या सहीपुढे तारीखच घालायची राहिली होती. आज घातली.