नाल्यापलीकडचा प्रभाग

आमच्या नगरपरिषदेची मागची निवडणूक 2016 च्या अखेरीस झाली होती आणि सभागृहाची मुदत 2021 संपता संपता संपली. त्यानंतर जवळपास चार वर्षे आम्हाला नगरसेवक नव्हता. सभागृहाला कुलूप होते, तरी ठराव मात्र नियमित होत होते, कारण सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार प्रशासक म्हणून नेमलेल्या एकाच अधिकाऱ्याकडे आले होते. असा एक ठराव मी माहितीच्या अधिकारात मिळवला, तेव्हा त्याच्या नकलेत सूचक आणि अनुमोदक या शब्दांपुढच्या जागा कोऱ्या दिसल्या. त्या कोऱ्या जागांकडे मी बराच वेळ पाहत बसलो होतो.

माझे काम तसे साधे होते. आमच्या वसाहतीकडे येणाऱ्या रस्त्यावर नाल्याची एक जुनी मोरी आहे. तिचे नळे अरुंद असल्यामुळे दर पावसाळ्यात पाणी रस्त्यावर चढते. पूर्वी अशा कामासाठी सकाळी सातला नगरसेवकाच्या ओट्यावर जाऊन बसले की निदान कनिष्ठ अभियंत्याला फोन तरी जात असे. प्रशासकाच्या काळात मी पाच अर्ज दिले आणि पाचही वेळा ‘निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल’ हे एकच वाक्य हाती आले. अधिकारी वाईट होते असे मी म्हणणार नाही. दोघे तर चांगलेच कामसू होते. पण चार वर्षांत तिघांची बदली झाली, आणि पुढच्या वर्षी मते मागायला आमच्या दारी यायचे आहे, अशी वेळ त्यांच्यापैकी कोणावरही येणार नव्हती.

1 जून 1993 रोजी अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने शहरांना नेमके हेच द्यायचे ठरवले होते : पाच वर्षांची मुदत, ती संपण्यापूर्वी निवडणूक, त्यासाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आणि बाराव्या अनुसूचीत कामाचे 18 विषय. तरीही महाराष्ट्रात निवडणुका रखडल्या. सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2021 च्या निकालात स्थानिक संस्थांमधील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी समर्पित आयोग, त्याने गोळा केलेली माहिती आणि एकूण 50 टक्क्यांची मर्यादा या तीन अटी बंधनकारक ठरवल्या. त्यापाठोपाठ या अटींसाठी नेमलेला बांठिया आयोग, राज्यातला सत्ताबदल, आयोगाचा अहवाल, प्रभागांच्या संख्येत पुन्हा बदल असे होत होत ऑगस्ट 2022 मध्ये ‘जैसे थे’चा आदेश आला आणि सगळे थिजले. मुंबई आणि पुण्यासारख्या महापालिकाही मार्च 2022 पासून प्रशासकांच्या हाती होत्या. शेवटी 6 मे 2025 रोजी न्यायालयाने, बांठिया अहवालापूर्वी होते तेवढे आरक्षण ठेवून, चार आठवड्यांत अधिसूचना काढण्याचा आणि चार महिन्यांत निवडणुका उरकण्याचा आदेश दिला. ती मुदतही पुढे वाढवावी लागली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

ऑगस्टमध्ये प्रारूप प्रभाग रचना नगरपरिषदेच्या फलकावर लागली. नकाशा मोठा होता, पण काचेमागे इतका वर लावलेला की चष्मा कपाळावर सरकवून टाचा उंच करून वाचावा लागला. आमच्या वसाहतीच्या मधल्या रस्त्यावरून एक जाड तांबडी रेघ गेली होती : उत्तरेकडची घरे एका प्रभागात, दक्षिणेकडची घरे नाल्यापलीकडच्या दुसऱ्या प्रभागात. ज्या मोरीसाठी मी चार वर्षे अर्ज करत होतो, ती दोन प्रभागांच्या बरोबर सांध्यावर आली होती. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर मला भविष्यातही ऐकू येऊ लागले.

हरकत कशी लिहावी हे मला एका निवृत्त ग्रामसेवक मित्राने समजावले. भावना लिहू नका, नियम लिहा, असे त्याचे म्हणणे होते. प्रभागाच्या सीमा शक्यतो नदी, नाला, मोठा रस्ता, रेल्वेमार्ग अशा ठळक खुणांवरून जाव्यात असे प्रभाग रचनेचे निर्देश आहेत; त्यावर बोट ठेवून, सीमा आमच्या अंतर्गत रस्त्याऐवजी नाल्यावरून न्यावी, एवढीच मागणी आम्ही केली. सोबत हाताने काढलेला नकाशा आणि 64 सह्या जोडल्या. आवक विभागातील लिपिकाने ‘दुसरी प्रत कशाला हवी?’ असे विचारले. पोच हवी म्हणून, असे सांगितल्यावर त्याने शिक्का दोनदा शाईत बुडवून इतक्या जोराने मारला की खालच्या पानावरही त्याची छाप उमटली. मुदतीत हरकत देणाऱ्याने दुसरी प्रत आणि तिच्यावरचा आवक क्रमांक सोडू नये, कारण सुनावणीच्या यादीत आमचे नाव पहिल्यांदा नव्हतेच आणि त्या क्रमांकामुळेच ते घातले गेले.

सुनावणी जिल्हाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यांसमोर झाली. मला जेमतेम चार मिनिटे मिळाली. त्यांनी माझा नकाशा बाजूला सारून स्वतःचा नकाशा उघडला आणि पेन्सिलीने एक चौकोन दाखवला : तो 2011 च्या जनगणनेतील प्रगणक गट, म्हणजे मोजणीसाठी एका प्रगणकाला वाटून दिलेला भाग होता. 2021 ची जनगणना झालेली नसल्यामुळे प्रभागांची लोकसंख्या 2011 चीच धरली होती, आणि प्रगणक गट सहसा फोडत नाहीत. आमचा मधला रस्ता ही त्या वेळच्या गटाची हद्द होती. 2011 साली वसाहतीत नऊ घरे होती, आज दीडशेच्या वर आहेत. सरकारी कागदावर मात्र आम्ही अजून ज्वारीच्या शेतातच राहत होतो. हरकत अमान्य झाली. सीमेच्या वर्णनातील रस्त्याचे चुकलेले नाव तेवढे दुरुस्त केले गेले, आणि ते नाव मी सांगितल्याप्रमाणे अंतिम राजपत्रात छापून आलेले पाहून मला जो आनंद झाला त्याचे घरच्यांना हसू आले.

ऑक्टोबरात प्रभागनिहाय मतदार याद्या आल्या. या निवडणुकीसाठी वेगळी यादी तयार होत नाही. 1 जुलै 2025 रोजीची विधानसभेची यादीच प्रभागांत विभागली होती. नवे नाव त्या टप्प्यावर घालता येत नाही, पण चुकीच्या प्रभागात गेलेले नाव परत आणता येते. आमच्या उत्तर बाजूची 63 नावे दक्षिणेच्या प्रभागात गेली होती, म्हणजे जी रेघ मला पुसता आली नाही ती यादी करणाऱ्यांनीही पाळली नव्हती. या वेळी प्रत्येक नावापुढे यादीभाग, अनुक्रमांक आणि घर क्रमांक लिहून तक्ता दिला. दोन कर्मचारी स्थळपाहणीला आले, घरोघरी फिरले, चहा नको म्हणाले आणि पंचनाम्यावर माझी सही घेऊन गेले. अंतिम यादीत सर्व 63 नावे जागेवर होती.

2 डिसेंबरला मतदान झाले. दोन जागांचा प्रभाग आणि थेट निवडून द्यायचा नगराध्यक्ष, म्हणून प्रत्येकाने तीन मते द्यायची होती. माझ्या पुढच्या आजी दोन बटणे दाबून निघाल्या होत्या, त्यांना परत बोलवावे लागले. मतमोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची ती उच्च न्यायालयाच्या आदेशाने 21 डिसेंबरवर गेली. चार वर्षे थांबलेल्यांना हे एकोणीस दिवस फारच लांब वाटले.

जानेवारीत झालेल्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत आमची मोरी नवव्या क्रमांकावर होती. सूचक आमच्या प्रभागाच्या नगरसेविका होत्या, अनुमोदन नाल्यापलीकडच्या नगरसेवकांनी दिले. प्रेक्षकांच्या बाकावर आम्ही सातजण बसलो होतो. खर्चाचे अंदाजपत्रक जुन्या दरांचे असल्याची हरकत विरोधी बाजूने घेतली, त्यावर अर्धा तास वादावादी झाली, हात वर करून मतदान झाले आणि विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब करण्यात आला. बाहेर पडताना नगरसेविकाबाईंनी मला थांबवून जुने पाचही अर्ज मागितले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी ते घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो.