व्हिएन्नात निवांत दिवस: वर बसने, खाली पायी

व्हिएन्नात दोघांचे चार दिवस असतील, तर एक दिवस राजवाडे आणि म्युझियमांपासून वाचवा. शेनब्रुन, बेल्व्हेडेअर उरलेल्या तिनांत होतात. या दिवशी सकाळी कॉफीहाऊस, दुपारी काहलेनबर्गची टेकडी, तिथून द्राक्षमळ्यांतून उतरत पायथ्याचं नुसडॉर्फ आणि ट्रॅमने परत, एवढंच. शक्यतो रविवार निवडा. दुकानं बंद असतात, त्यामुळे खरेदीचा विषयच निघत नाही. फळं-बिस्किटं मात्र शनिवारीच घ्या. रविवारी मोठ्या स्टेशनांमधली मोजकी दुकानंच उघडी असतात. पाणी विकत घेऊच नका. नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, 1873 पासून. बाटली भरून निघा.

दिवसभराचा पास प्रत्येकी एक काढा. काहलेनबर्गपर्यंत तो चालतो. कागदी पास असेल, तर पहिल्या प्रवासाआधी निळ्या यंत्रात घालून शिक्का मारायचा. स्टेशनांत अडवणारं फाटक नसतं, म्हणून हे हमखास राहून जातं. तपासनीस साध्या वेशातही येतात. खिशात पास आहे पण शिक्का नाही, तरी दंड होतो, आणि तो माणशी शंभर युरोंच्या वर.

कॉफीहाऊसला नऊच्या आत पोचा. नामांकित ठिकाणी नंतर रांग लागते. नुसती ‘कॉफी’ मागू नका, प्रकार सांगा: मेलांज म्हणजे दुधाचा फेस घातलेली, आपल्या जिभेला सर्वात जवळची, आइनश्पेनर म्हणजे काचेच्या ग्लासात काळी कॉफी आणि वर साय घुसळल्यासारखं क्रीम. दोघांनी दोन वेगळे प्रकार मागवावेत. कॉफीसोबत पाण्याचा ग्लास येतोच. एका कपावर दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही, आणि मागितल्याशिवाय बिलही येत नाही. अनेकजण याला दुर्लक्ष समजून चिडतात. तिथे तो पाहुणचार आहे. ‘त्सालेन बिट्टे’ म्हटलं की बिल येतं. ‘एकत्र की वेगळं’ विचारतील, त्यावर ‘त्सुझामेन’, म्हणजे एकत्र. टीप टेबलावर ठेवायची नाही. दहा टक्क्यांच्या आसपास मिळवून पूर्ण आकडा बोलायचा. रोख जवळ असू द्या.

मग शॉटनटोर स्टेशन गाठा. 38 नंबरची ट्रॅम रस्त्यावर शोधू नका, ती खालच्या मजल्यावरून सुटते. ग्रिन्त्सिंगला उतरून 38ए बस थेट काहलेनबर्गला नेते. उंची 484 मीटर, खाली डॅन्यूब आणि पसरलेलं शहर. 12 सप्टेंबर 1683 रोजी याच डोंगरांवरून उतरलेल्या फौजांनी व्हिएन्नाचा तुर्की वेढा मोडला. इकडे त्याच वर्षाच्या अखेरीस संभाजीराजे गोव्यात पोर्तुगीजांशी लढत होते.

उतरताना काहलेनबर्गर श्ट्रासे हा रस्ता धरा. साधारण तीनशे मीटरचा उतार. रमतगमत दीड तास. चढण नाही, पण गुळगुळीत तळव्याची चप्पल नको, आणि गुडघा दुखरा असेल तर सरळ त्याच बसने खाली या. शहराच्या हद्दीतच सहाशे हेक्टरांच्या आसपास द्राक्षमळे आहेत. हवा चांगली असली की शनिवार-रविवारी मळेवाले वाटेवरच बाकं मांडून वाइन देतात.

नुसडॉर्फला हॉयरिगर, म्हणजे मळेवाल्याचंच पेयगृह. दारावर झाडाची हिरवी फांदी टांगलेली असली की उघडं. बरेचसे आळीपाळीने ठरावीक आठवडेच चालतात आणि तेही दुपारी तीन-चारनंतर, म्हणून आधी तारीख बघा. वाइन टेबलावर येते. खाणं मात्र काउंटरवरून स्वतः आणायचं आणि पैसे तिथेच चुकते करायचे. सुरुवातीला ‘फियर्टल’, म्हणजे पाव लिटर, आणि दोन ग्लास पुरे. चालून आल्यावर उपाशीपोटी पिऊ नका. ‘गेश्प्रित्स्टर’ मागितली तर निम्मा सोडा असतो.

शाकाहारींची फसगत इथेच होते. श्माल्त्सब्रोट लोणी लावलेल्या पावासारखं दिसतं, पण ती डुकराची चरबी. बटाट्याचं सॅलड निरुपद्रवी वाटतं. व्हिएन्नात ते बहुधा बीफच्या रश्शात भिजवतात. विचारल्याशिवाय उचलू नका. लिप्टाउअर, म्हणजे पॅप्रिका घातलेलं चक्क्यासारखं चीज, पाव आणि पालकाचं श्ट्रुडेल, म्हणजे सारण भरून भाजलेली गुंडाळी, यावर दोघांचं नीट भागतं. लिप्टाउअरमध्ये क्वचित मासळी असते, तेही विचारा. टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागलं तर बिचकू नका, तशी पद्धतच आहे.

परतीला डी ट्रॅम. नुसडॉर्फ हे तिचं शेवटचं स्थानक, त्यामुळे जागा मिळते. समोरासमोरच्या खिडक्या पकडा. रिंगवर, म्हणजे जुन्या शहराभोवतीच्या रुंद रस्त्यावर, आलात की उजवीकडच्याला रातहाउस (नगरभवन), संसद आणि जुळी म्युझियमं दिसतात, डावीकडच्याला बुर्गथिएटर आणि शेवटी ऑपेरा.